आडनाव दिल्लीला, मतदार पडावावर

ग्वाल्हेर स्टेशनाजवळच्या पडावाच्या चौकात सध्या गणिताचा तास भरलाय. २०२७ ची जनगणना होणार, मग मतदारसंघांची फेरआखणी होणार, मग लोकसभेच्या जागा वाढणार आणि ग्वाल्हेरला एकाचे दोन खासदार मिळणार, असं टपरीवरचे जाणकार छातीठोकपणे सांगताहेत. दोन खासदार म्हणजे निधी दुप्पट, भूमिपूजनं दुप्पट आणि उड्डाणपुलाच्या खांबांवर वाढदिवसाचे फलकही दुप्पट. तीन रस्ते एकाच वेळी तुंबलेले असताना माणूस एवढा आशावादी राहू शकतो, ही ग्वाल्हेरच्या हवेची कमाल.

आमचं म्हणणं एवढंच की दुसरा मागण्याआधी पहिल्याचा हिशेब मांडावा. ग्वाल्हेर स्टेशन सोडलं की दिल्ली जेमतेम सव्वातीनशे किलोमीटर. सकाळी बसलं की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. एवढ्याशा अंतरावर आम्ही ७० वर्षांहून जास्त काळ माणसं पाठवतो आहोत. कोणाला पाठवलं, कशासाठी पाठवलं आणि तो तिथे जाऊन कोणाचा झाला, हे एकदा बघूच.

तोफा २१, मतं शून्य

सुरुवात राजेशाहीपासून करावी लागते, कारण ग्वाल्हेरमध्ये कशाचीही सुरुवात तिथूनच होते. इंग्रजी अमदानीत शिंदे महाराजांना २१ तोफांची सलामी होती. अख्ख्या हिंदुस्थानात हा मान पाचच संस्थानांना : हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, काश्मीर आणि ग्वाल्हेर. आमच्याकडे जुनी मंडळी अजून हे आकडे अशा थाटात सांगतात, की जणू तोफेची वात यांच्याच आजोबांनी पेटवली होती.

त्याच काळात पुण्या-मुंबईचा थोडीफार इस्टेट बाळगणारा माणूस मत देऊन दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात आपला प्रतिनिधी धाडत होता. ग्वाल्हेरच्या रयतेला ते दार बंद होतं, कारण संस्थान हा ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचा मुलूख. १९२१ मध्ये दिल्लीत राजेरजवाड्यांचं नरेंद्रमंडळ भरलं. तिथे ग्वाल्हेरतर्फे कोण बसणार? खुद्द महाराज. म्हणजे रयतेचं गाऱ्हाणं दरबाराविरुद्ध असेल, तर तेही दरबारानेच मांडायचं. १९३५ च्या कायद्याने संघराज्याचा बेत आखला, त्यातही संस्थानांच्या जागा राजेच भरणार होते. तो बेत कागदावरच मेला. रयतेचं नुकसान झालं नाही, कारण नुकसान व्हायला आधी काही मिळावं लागतं.

पुढे घटना समिती आली. संस्थानांना दर १० लाख लोकसंख्येमागे १ जागा असं माप ठरलं आणि ग्वाल्हेरच्या वाट्याला ४ आल्या. बडोद्याला ३, कोल्हापूरला १ आणि इंदूरला १. इंदूरला १! हा चार-एकचा निकाल ऐकून आजही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या वाड्यात चहा गोड लागतो. होळकर-शिंदे सामना पानिपताच्याही आधीपासून चालू आहे, त्यात घटना समितीलाही आम्ही एक डाव समजलो.

तो आनंद फार टिकला नाही. २८ मे १९४८ ला मध्य भारत संघाचं उद्घाटन झालं, जिवाजीराव महाराज राजप्रमुख झाले आणि राजधानीवरून ठरल्याप्रमाणे जुंपली. तोड अशी निघाली की हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. सरकार फायलींसकट वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवत होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारतच मध्य प्रदेशात विरघळला आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेर-इंदूर भांडत राहिले, लोणी भोपाळने खाल्लं.

एकटा देशपांडे

१९५२. पहिली निवडणूक, देशभर नेहरूंची हवा. मध्य भारतातल्या लोकसभेच्या ११ जागांपैकी ९ काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या दोन म्हणजे ग्वाल्हेर आणि गुणा. दोन्ही हिंदू महासभेकडे गेल्या आणि दोन्हीकडे विजयी उमेदवार एकच : विष्णु घनश्याम देशपांडे. त्या निवडणुकीत महासभेला सगळ्या देशात चार जागा मिळाल्या. त्यातल्या दोन एकट्या देशपांड्यांच्या. पक्षाची निम्मी ताकद एकाच कोटात मावत होती.

गांधीहत्येला तेव्हा चारच वर्षं झाली होती, आणि ते पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवल्याचं खटल्यात पुढे आलं होतं. तरी, की म्हणूनच, हा प्रश्न आमच्या गावात मोठ्याने विचारला जात नाही. हळू आवाजात सांगण्याजोगं कारण दुसरं आहे. १९५१ मध्ये जहागिऱ्या बरखास्त करण्याचे कायदे आले होते आणि सरदार मंडळी काँग्रेसवर खवळलेली होती. धर्म धोक्यात असल्याचा साक्षात्कार माणसाला बहुतेक वेळा जमीन धोक्यात आल्यावरच होतो.

एका माणसाला दोन खुर्च्या ठेवता येत नाहीत. देशपांड्यांनी गुणा ठेवलं, ग्वाल्हेर सोडलं. पोटनिवडणुकीत महासभेने उभे केले डॉ. नारायण भास्कर खरे. काय माणूस! १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे काँग्रेसचे पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत). १९३८ मध्ये काँग्रेस श्रेष्ठींशी बिनसून बाहेर. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात. १९४७ मध्ये अलवर संस्थानाचे पंतप्रधान. आणि १९५२ मध्ये ग्वाल्हेरचे खासदार. एवढे थांबे तर आमच्या ग्वाल्हेर-श्योपूरच्या छोट्या गाडीलाही नव्हते. नागपूरने ज्यांना घरी बसवलं, त्यांना ग्वाल्हेरने दिल्लीला बसवलं. डॉक्टरसाहेबांना पडावावरून कंपूला जायचा रस्ता ठाऊक होता का, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. आजही नाही.

इथे आमच्या इतिहासाची पहिली ओळ पडली : खासदार गावचा असण्याची अट नाही, नावाचा असला की पुरे.

दोन खासदारांची पाच वर्षं

आता चौकातल्या गणितज्ञांनी कान इकडे करावा. ज्या दोन खासदारांची तुम्ही स्वप्नं बघता, ते ग्वाल्हेरला मिळून गेलेत. १९५७ मध्ये ग्वाल्हेर द्विसदस्य मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. राधाचरण शर्मा आणि सूरज प्रसाद, दोघेही काँग्रेसचे, दोघेही निवडून आले. १९६१ च्या कायद्याने अशा जोडमतदारसंघांची प्रथाच संपली.

फालका बाजारात उभं राहून ही दोन नावं विचारा. शंभरात एकाला आठवली तर त्याला पेढे द्या. १९५२ चे देशपांडे आठवतात, १९६२ च्या राजमाता विजयाराजे शिंदे तर आठवतातच. मधली पाच वर्षं गावाच्या आठवणीतून पुसली गेली, कारण त्या पाच वर्षांत ग्वाल्हेरच्या नावापुढे कोणी मोठं माणूस नव्हतं. सूरज प्रसाद हे राखीव जागेवरून ग्वाल्हेरने दिल्लीला पाठवलेले पहिले खासदार आणि आजवरचे शेवटचेही. त्यांच्या नावाचा चौक कुठे आहे हे सांगणाऱ्यालाही आम्ही पेढे देऊ. खर्च फार येणार नाही, अशी खात्री आहे.

तिकडे गुण्यात त्याच १९५७ मध्ये खरं नाटक चालू होतं. महाराजांचा कल महासभेकडे असल्याचा संशय दिल्लीला होता. तो दूर करायला महाराणी विजयाराजे नेहरूंना भेटल्या. नेहरूंनी त्यांना गोविंदवल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्रींकडे धाडलं. आमचे महाराज तुमच्या विरोधात नाहीत, हे पटवून द्यायला गेलेल्या महाराणी परत आल्या त्या काँग्रेसच्या उमेदवार होऊन. ही हकीकत पुढे त्यांनीच सांगितली आहे. लोकांचं गाऱ्हाणं घेऊन कोणी दिल्लीला गेलं नव्हतं. महालावरचा संशय फिटावा म्हणून गुण्याला खासदार मिळाला. विम्याचा हप्ता जनतेने मतांनी भरला आणि पावती महालाच्या नावाने फाटली.

महाल पक्ष

पुढचा इतिहास वेगाने सांगतो, कारण त्यात पक्ष इतक्या वेगाने बदलतात की सावकाश सांगितलं तर चूक होईल.

१९६२ : राजमाता ग्वाल्हेरहून, काँग्रेस. १९६७ : राजमाता गुण्याहून लोकसभेला स्वतंत्र पक्षातर्फे आणि करेऱ्याहून विधानसभेला जनसंघातर्फे. दोन जागा, दोन पक्ष, एक उमेदवार आणि दोन्हीकडे विजय. मग त्यांनी खासदारकी सोडली आणि आमदारकी ठेवली. कारण द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार भोपाळमध्ये होतं आणि ते पाडायचं होतं. जुलैमध्ये पाडलंही. रिकाम्या झालेल्या गुण्यातून पोटनिवडणुकीत दिल्लीला गेले आचार्य कृपलानी, म्हणजे काँग्रेसचे माजी अध्यक्ष. सिंधमध्ये जन्मलेल्या आचार्यांनी गुण्याच्या शेतकऱ्याचं प्रतिनिधित्व केलं. इकडे ग्वाल्हेरने जनसंघाचे रामअवतार शर्मा निवडले. त्यांचंही नाव आठवणीच्या परीक्षेत नापास.

१९७१ मध्ये देशभर इंदिरा लाट. आमच्याकडे येताना ती चंबळीच्या पलीकडेच थबकली. ग्वाल्हेरहून अटलबिहारी वाजपेयी, भिंडहून राजमाता, गुण्याहून त्यांचे २६ वर्षांचे चिरंजीव माधवराव, तिघेही जनसंघाचे आणि तिघेही विजयी. वाजपेयी तर घरचेच. जन्म ग्वाल्हेरचा, बालपण शिंद्यांच्या छावणीत, शिक्षण व्हिक्टोरिया कॉलेजात. बलरामपूर, ग्वाल्हेर, नवी दिल्ली, विदिशा, लखनौ, गांधीनगर अशा सहा ठिकाणांनी ज्यांना लोकसभेत पाठवलं, त्यांना जन्मगावाने मात्र एकदाच पाठवलं.

दुसऱ्यांदा ते १९८४ मध्ये आले. तोवर माधवराव काँग्रेसमध्ये गेले होते. राजीव गांधींनी अखेरच्या घटकेला त्यांचा अर्ज गुण्याऐवजी ग्वाल्हेरमधून भरवला आणि वाजपेयी पावणेदोन लाखांच्या फरकाने पडले. गाव सांगतं की महाराजांनी अटलजींना हरवलं. आम्ही सांगतो की गावाने अटलजींना हरवलं. पण गावाला आपण काही केलं असं वाटतच नाही. जिंकतात महाराज, हरतात अटलजी. मतदार फक्त गर्दी करतो.

१९८९ ते १९९८ हा तर महालाचा सुवर्णकाळ. मुलगा ग्वाल्हेरहून काँग्रेसतर्फे, आई शेजारच्या गुण्याहून भाजपतर्फे. १९८९, १९९१, १९९६, १९९८ अशा चार निवडणुका, दोघंही प्रत्येक वेळी विजयी. (१९९६ मध्ये हवाला प्रकरणामुळे तिकीट नाकारलं म्हणून माधवरावांनी मध्य प्रदेश विकास काँग्रेस काढली आणि तिच्यावरही निवडून आले. पक्ष हा केवळ उपचार होता याचा याहून चांगला पुरावा कुठला?) आई-मुलाचं बोलणं बंद असल्याच्या कथा गावात चघळल्या जात आणि इकडे दोन्ही जागा घरात राहत. देशभर लोक पक्ष बघून कुटुंबात फूट पाडत होते. आम्ही कुटुंब बघून दोन पक्षांना खूश ठेवत होतो.

१९९८ मध्ये माधवरावांचं मताधिक्य भाजपच्या जयभानसिंह पवैयांनी २६ हजारांवर आणलं. १९९९ मध्ये माधवराव गुण्याला गेले आणि पवैया ग्वाल्हेरहून जिंकले. घरात दोन गाद्या असल्या की एक टोचायला लागताच दुसरीवर सरकता येतं.

२००७ मध्ये प्रयोग पुन्हा लागला, फक्त पात्रं बदलली. ग्वाल्हेरहून आत्या यशोधराराजे भाजपच्या, गुण्याहून भाचे, म्हणजे माधवरावांचे चिरंजीव ज्योतिरादित्य काँग्रेसचे. २०१९ मध्ये गुण्याने कृष्णपालसिंह यादव यांना सव्वा लाखाच्या फरकाने निवडून महालाचा पडदा पाडला. तो पाच वर्षंच पडलेला राहिला. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य भाजपमध्ये गेले, कमलनाथ सरकार कोसळलं, आणि २०२४ मध्ये तेच गुणा, तेच महाराज, पाच लाखांहून जास्त मताधिक्य. ज्या यादवांनी महाराजांना हरवलं, त्यांच्याच पक्षाने त्यांची जागा महाराजांना दिली. बक्षीस म्हणतात ते हेच.

मंत्री रेल्वेचा, रूळ दोन फुटांचा

"पण काम झालं की नाही?" हा प्रश्न येणारच. झालं. माधवराव १९८६ ते १९८९ रेल्वेमंत्री होते. देशातली पहिली शताब्दी १९८८ मध्ये सुटली ती दिल्ली ते झाशी, ग्वाल्हेरवरून. पडावाचा माणूस आजही शताब्दीचं नाव काढलं की कॉलर नीट करतो. रेल्वेमंत्री म्हणून माधवरावांचं नाव आजही आदराने घेतलं जातं, ते उगाच नाही.

आता त्याच स्टेशनची दुसरी बाजू. ग्वाल्हेर-श्योपूर ही छोटी गाडी, शिंदे दरबारानेच घातलेली, रुळांची रुंदी २ फूट, लांबी २०० किलोमीटरच्या आसपास. ज्या घराण्याने ती घातली त्याच घराण्याचा पुरुष देशाचा रेल्वेमंत्री झाला आणि गाडी दोन फुटांचीच राहिली. छतावर माणसं घेऊन ती २०२० पर्यंत धावली. आता ब्रॉडगेजचं काम चालू आहे. दिल्लीला जाणाऱ्याला वातानुकूलित खुर्ची, श्योपूरला जाणाऱ्याला छत. प्रतिनिधित्व म्हणजे काय याचं उत्तर या दोन फलाटांनी दिलं होतं : खासदाराने दिल्लीच्या दिशेने पाहिलं, पाठीमागे त्याची नजर गेलीच नाही.

एकदाच प्रश्न विचारला

ग्वाल्हेरच्या खासदाराने सभागृहात प्रश्न विचारला म्हणून देशभर गाजावाजा व्हावा, असं भाग्य आम्हाला एकदाच लाभलं. २००४ मध्ये काँग्रेसचे रामसेवक सिंह निवडून आले होते. ना महाल, ना मोठं नाव, साधा माणूस. वाटलं, चला, आता गावचा प्रश्न दिल्लीत पोचेल. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यांसमोर पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्यांची यादी बाहेर आली आणि त्यात आमचं नाव झळकलं. २३ डिसेंबरला लोकसभेने आपले १० सदस्य काढून टाकले, त्यात ग्वाल्हेरचे रामसेवक सिंह. राज्यसभेने एकाला काढलं. अकरा जण म्हणाले, हा अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये सांगितलं, संसदेला तो अधिकार आहे.

तोवर वर्षभराहून जास्त काळ ग्वाल्हेरला खासदारच नव्हता. आणि गंमत बघा, कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. मोर्चा नाही, बंद नाही, पडावावर टायर जळाला नाही. दिवा गेला तर वीज कार्यालयासमोर पन्नास माणसं जमतात. खासदार गेला तर पाच जमली नाहीत. प्रतिनिधी आहे की नाही, याने ज्या गावाला फरक पडत नाही, त्याने दोन मागावेत हा विनोद आम्ही केलेला नाही.

पोटनिवडणुकीत यशोधराराजे जिंकल्या. समोर काँग्रेसचे अशोक सिंह होते. ते २००७ मध्ये पडले, २००९ मध्ये पडले, २०१४ मध्ये नरेंद्रसिंह तोमरांसमोर ३० हजारांच्या आत पडले आणि २०१९ मध्ये विवेक शेजवलकरांसमोर पडले. २०२४ मध्ये पक्षाने त्यांना राज्यसभेत पाठवलं. लोकांनी चारदा नाही म्हटलं, पक्षाने एकदा हो म्हटलं, चाललं ते एकच. तोमर तर २०१९ मध्ये जवळच्या मोरेनाला निघून गेले. आणि सध्याचे खासदार भारतसिंह कुशवाह २०२३ च्या विधानसभेला ग्वाल्हेर ग्रामीणमध्ये पडले आणि सहा महिन्यांत लोकसभेला निवडून आले. भोपाळला नापास, दिल्लीला पास. आमच्याकडे पेपर तपासणारा एकच असतो, फक्त प्रश्नपत्रिका बदलते.

समाधी आणि महाल

पडावाला लागूनच फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी. १८५८ च्या जूनमध्ये राणी इथे पडली, तेव्हा जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने होते. त्यामुळे महालाविरुद्ध राजकारण करायचं तर मुद्दा शोधावा लागत नाही, चालत जाता येतं. पवैया दरवर्षी जूनमध्ये समाधीवर बलिदान मेळा भरवतात. महालातली मंडळी वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नव्हती. २०२१ मध्ये ज्योतिरादित्य समाधीवर गेले, हात जोडले, फोटो निघाले. १८५८ चं राजकारण १६३ वर्षांनी निवळलं, कारण पवैया आणि ज्योतिरादित्य दोघेही आता एकाच पक्षात आहेत. तांबे घराण्यातल्या राणीला आणि शिंदे घराण्याला जवळ आणायला इतिहासकार कमी पडले. तिकीटवाटप समितीने ते केलं.

चव्वेचाळीस वर्षांचा अभिमान

आता आमच्याच माणसांकडे वळू. ग्वाल्हेरातला मराठी समाज लहान, अभिमान मोठा. एक ढोबळ हिशेब मांडला : १९५२ ते २०२४ या ७२ वर्षांत ग्वाल्हेरची खासदारकी मराठी आडनावाकडे किती वर्षं होती? देशपांडे-खरे ५, राजमाता ५, नारायण कृष्ण शेजवलकर ७ (१९७७ आणि १९८०, जनता पक्ष), माधवराव १५, यशोधराराजे ७, विवेक शेजवलकर ५. बेरीज ४४. मूठभर मतदारांच्या समाजाची ७२ पैकी ४४ वर्षं! हा आकडा बाहेर आला की गणेशोत्सवाच्या मांडवात आवाज चढतो : "आपलाच माणूस!"

आपला कसा? देशपांडे-खरे बाहेरून आले. राजमाता माहेरच्या ठाकूर घराण्यातल्या, आजोळ नेपाळच्या राणांचं. शिंदे मराठी मतांवर निवडून आले नाहीत, तेवढी मतं नाहीतच. राहिले शेजवलकर पिता-पुत्र. या यादीत महालाबाहेरचे, गावात राहणारे, महापालिकेत गटारं-दिवे बघून वर गेलेले मराठी खासदार हे दोघेच. पण अभिमानाच्या भाषणात त्यांचा नंबर महालानंतर लागतो. मराठी माणूसही इथे आधी तोफा मोजतो, मग मतं.

ज्यांची बेरीजच होत नाही, त्यांचंही बघा. ग्वाल्हेर मतदारसंघात विधानसभेचे आठ भाग आहेत : ग्वाल्हेरचे सहा, आणि शिवपुरीतले करेरा आणि पोहरी. पोहरीच्या बाजूला सहरिया आदिवासी. त्यांच्यातला एकही आजवर ग्वाल्हेरहून दिल्लीला गेलेला नाही. बायका दोन गेल्या, राजमाता आणि यशोधराराजे, म्हणजे आई आणि मुलगी. सत्तर वर्षांत ग्वाल्हेरच्या स्त्रियांचं प्रतिनिधित्व एकाच जिन्यावरून उतरून दिल्लीला गेलं. लष्करातली शिक्षिका, डबऱ्याची शेतकरी बाई, बिर्लानगरातल्या बंद गिरणीच्या कामगाराची बायको, या जिन्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

तर मग दोन हवेत का?

हवेत. आकड्याला आमचा विरोध नाही. १९५२ मध्ये देशात सरासरी साडेतीन लाख मतदारांमागे एक खासदार होता. आज ग्वाल्हेरमध्ये एकवीस लाखांच्या आसपास मतदारांमागे एक आहे. १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या जागा पन्नास वर्षांनी जरा वितळल्या तर कोणाचं बिघडत नाही. (दक्षिणेचं बिघडतं, असं दक्षिण म्हणते, आणि लोकसंख्या आवरल्याची शिक्षा का, हा त्यांचा सवाल साफ चुकीचा नाही. त्याचं उत्तर पडावाच्या टपरीवर मिळणार नाही.)

पण दोन जागा आल्या तर काय होईल, तेही ऐकून ठेवा. एका जागेवर नाव उभं राहील, दुसऱ्या जागेवर त्या नावाचा माणूस. एकाचा फलक पुलाच्या डाव्या खांबावर, दुसऱ्याचा उजव्या. आडनाव बघून मत देणाऱ्याला दोन आडनावं मिळतील, प्रतिनिधी एकही मिळणार नाही. १९५७ ते १९६२ मध्ये दोन होते, आपण दोघांनाही विसरलो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराने किती आणि कोणते प्रश्न विचारले, कोणत्या चर्चेत तो बोलला, हे सगळं फुकट दिसतं. फोनवर रील बघता बघता पाच मिनिटं तेही बघा. पुढच्या गणेशोत्सवात खासदारसाहेब मांडवात आले की हार घाला, प्रसाद द्या, फोटो काढा आणि मग विचारा : मागच्या अधिवेशनात ग्वाल्हेरसाठी काय विचारलंत? उत्तर आलं नाही तर पुढच्या वर्षी हार घालू नका. आणि त्याच्या पुढच्या वर्षी मत.